दिवस मावळायच्या आत

प्रिय आक्का,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. एका स्वयंपाकघरात उभं आयुष्य काढलेल्या दोन जावांना एकमेकींना पत्र लिहायचं कारण तरी काय पडणार! जे काय बोलायचं ते ओट्यापाशी बोलून व्हायचं, नाहीतर भांडी आपटून. पण काल मी तालुक्याला बैठकीला गेले होते, आणि तिथून परत आल्यापासून माझ्या अंगाची आग आग होते आहे. तुमचे दीर बातम्या लावून बसलेत. ते 'हूं' म्हणतील आणि आवाज वाढवतील. तेव्हा ऐका. नाही तरी हे सगळं तुमच्याबद्दलच आहे.

बैठक पुराच्या तयारीची होती. पावसाळा तोंडावर आला की ती भरवतात. स्टेजवर खुर्च्या, खुर्च्यांच्या पाठीवर पांढरे टॉवेल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली. खाली आम्ही नदीकाठच्या गावांतली माणसं. एका तरुण अधिकाऱ्याने पडद्यावर चित्रं दाखवत मागच्या महापुराचा आढावा वाचला. बोटी किती, छावण्या किती, जेवणाची पाकिटं किती. आणि मग मान वर करून म्हणाला, "विशेष म्हणजे, आपल्या तालुक्यातल्या एकाही निवारा छावणीत एकही मृत्यू झाला नाही."

टाळ्या पडल्या, आक्का. तुमच्यावर टाळ्या पडल्या!

मी उभी राहिले. "साहेब, एक झाला."

"मावशी, प्रश्न शेवटी घेऊ."

"हा प्रश्न नाहीये. तुम्ही चुकीचं वाचलंत, ते दुरुस्त करते आहे. माझी थोरली जाऊ तुमच्या छावणीत गेली."

तो गोंधळला. पोरगाच तो, पुराच्या वेळी तो इथं नव्हताही. पण त्याच्या शेजारचे केस काळे केलेले थोरले साहेब होते. त्यांनी माइक स्वतःकडे ओढला. "ते प्रकरण मला माहीत आहे. त्या बाई आधीपासून आजारी होत्या. शिवाय त्यांनी स्वतःच जेवण नाकारलं होतं. धार्मिक बाब होती, आम्ही जबरदस्ती कशी करणार? तो नैसर्गिक मृत्यू आहे."

ऐकलंत? तुम्ही जेवण नाकारलंत म्हणे! सरकारदरबारी तुमची एवढीच ओळख उरली आहे : न जेवलेली बाई.

नाकारलंत? तुम्ही?

आपण घर सोडलं तो दिवस आठवा. सातारहून माझ्या भावाचा फोन आला होता, "ताई, महाबळेश्वराला ढगफुटी झाल्यासारखा कोसळतोय, इकडं नदी फुगलीय. तुमच्याकडं पाणी चढणार, निघा." त्याचा फोन नेहमीच सरकारी भोंग्याच्या आधी येतो. भोंगा वाजला तेव्हा पाणी मारुतीच्या पायरीला लागलेलं होतं. धरणातून पाणी सोडणार हे धरणवाल्यांना ठाऊक, सातारला ठाऊक, माझ्या भावाला ठाऊक. ज्यांच्या घरात ते शिरणार त्यांना मात्र शेवटी सांगायचं! का? आम्ही घाबरू म्हणून? घाबरलो असतो तर हळदीची पोती तरी माळ्यावर चढवली असती.

गावातली निम्मी माणसं निघायला तयार नव्हती. तुम्ही मात्र एका शब्दाने वाद घातला नाहीत. जपाची माळ, साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांची डबी आणि पाणी गाळायचं फडकं एवढं पिशवीत घातलंत, दाराला हात लावून नमस्कार केलात आणि म्हणालात, "चल विमल. जीव ऱ्हायला तर घर हुईल." हट्टी बाई असं करते?

आणि छावणीत! माळावरच्या शाळेचा तो हॉल. चातुर्मास चालू. साठ वर्षं तुम्ही कंदमुळं तोंडात घातली नव्हती. पहिल्या दिवशी खिचडी आली ती बटाटे घातलेली. मी डोळे वटारून वाढणाऱ्याकडे बघत होते, तर तुम्ही बटाटे बोटाने बाजूला सारलेत आणि खाल्लीत. मला म्हणालात, "बिचाऱ्यांनी शिजवून आणलंय, त्यास्नी काय ठावं." टँकरचं पाणी पदराने गाळून प्यायलात. उकळायला चूल नव्हती, तर न उकळता प्यायलात. परके पुरुष असलेल्या हॉलमध्ये सतरंजीवर झोपलात. एकेक करून सगळे नेम सोडलेत तुम्ही, आणि तोंड वाकडं केलं नाहीत. एकच धरून ठेवला. दिवस मावळल्यावर अन्न नाही, पाणी नाही.

तोही काही अडत नव्हता! माळावरच्या वाड्यांतली माणसं दुपारीच जेवण आणत होती. पिठलं, भाकरी, आमटी. आपल्या चार जैन घरांसाठी एक बाई कांदा-लसूण न घातलेलं वेगळं पातेलं आणायची, कोणी सांगितलेलं नसताना. सगळी छावणी उजेडी जेवत होती, पोरांची पोटं भरत होती. कुठल्या हुकमाशिवाय सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तेच कुणाला तरी बघवलं नाही.

मग आदेश आला. बाहेरचं अन्न परस्पर वाटायचं नाही. आधी कचेरीत जमा, मग कचेरीच्या टेम्पोतून छावणीत. नोंद राहायला हवी, दुजाभाव नको. माळावरच्या बाया पातेली घेऊन फाटकाशी आल्या आणि परत गेल्या. एक म्हणाली, "आवं साहेब, भाकरी गरम हाय, कागद थंड झाला तरी चालंल." फाटकावरचा माणूस हसला, पण फाटक उघडलं नाही.

त्या दिवशी टेम्पो ऊन उतरायच्या वेळी आला. ऊन म्हणायचं आपलं. आभाळ इतकं गच्च होतं की सकाळ आणि संध्याकाळ सारखीच. पण टेम्पो आला, हॉलच्या दारासमोर लागला, खिचडीचा वास आत आला. तुम्ही पिशवीतून डबी काढलीत. मी म्हटलं, "आक्का, ताट येऊ द्या, मग गोळी घ्या. रिकाम्या पोटी साखर उतरते." तुम्ही म्हणालात, "आगं, दारात हाय की जेवान. आता वाढत्यात." आणि गोळी घेतलीत.

बरोबरच होतं तुमचं. दारात जेवण उभं आहे म्हणजे ते वाढणार, हे आपल्याकडे लहान पोराला कळतं. आपल्या गावात लग्न असो, पूजा असो, जेवण तयार झालं की पहिली पंगत म्हाताऱ्यांची आणि पोरांची. यजमान उशिरा आला तर त्याची पंगत शेवटची. तुमच्या डोक्यात हे इतकं पक्कं होतं की दुसरं काही होऊ शकतं हे तुमच्या मनातही आलं नाही. गोळीच्या वेळेचा तुमचा हिशोब माणसांच्या रीतीवर होता. साहेबांची रीत तुम्हाला माहीत नव्हती.

टेम्पोला कोणी हात लावेना. मी बाहेर गेले. दूध सोसायटीत सचिव होते मी, माणसं हलवायची सवय आहे मला. म्हटलं, "फाळका पाडा, रांग मी लावते."

टेम्पोपाशी उभा असलेला कर्मचारी म्हणाला, "मावशी, पाच मिनिटं. पाहणी दौरा येतोय. त्यांच्या हस्ते वाटप आहे."

"पोरं रडताहेत."

"येतायतच. बोटीत बसलेत."

"आत म्हातारी माणसं आहेत. आमच्यातल्या काही जणी अंधारात जेवत नाहीत. साखरेची गोळी घेऊन बसलेली बाई आहे एक."

"मावशी, माझी नोकरी जाईल हो." हे मात्र त्याने खरं सांगितलं. त्या दिवशी सरकारचा एवढा एकच माणूस माझ्याशी खरं बोलला.

आत आले तर तुम्ही खिडकीशी बसला होतात. विचारलंत, "दिवस मावळला का गं?" मी सांगितलं, "नाही अजून." पुन्हा थोड्या वेळाने, "आता?" मी म्हटलं, "आहे आहे, आभाळामुळे अंधारलंय." खोटं बोलत होते. आणखी तासभर बोलले असते, रात्रभर बोलले असते. पण हॉलच्या दुसऱ्या टोकाला मुलाणीचाचा उठले, तांब्याभर पाण्याने हातपाय-तोंड धुऊन वजू केली आणि पश्चिमेला तोंड करून नमाजाला उभे राहिले. झालं! तुमचं घड्याळ तेच होतं. चाळीस वर्षं शेजारी राहिल्यावर त्यांचा संध्याकाळचा नमाज म्हणजे आपली भांडी घासून झालेली असायची.

माझ्याकडे बघून तुम्ही हसलात. "लबाड हाईस, विमल."

टेम्पो त्यानंतर बऱ्याच वेळाने उघडला. जनरेटर लावून दिवे आणले होते, ते आधी पेटले. पाहुणे आले, रेनकोट घालून. पहिलं पाकीट एका लेकुरवाळीच्या हातात दिलं, मग तिला पुन्हा घ्यायला लावलं, कारण पहिल्या वेळी तिने मान खाली घातली होती. मी तुमच्यासाठी पाकीट आणलं. मुलाणीचाचाही आले, तुमच्यासमोर बसले.

"आक्का, घासभर खावा. गोळी घेतलीया म्हनं तुमी. तुमच्या देवाला मी सांगतो, माजी जबाबदारी."

"तुमच्यानं रोज्यात पानाची तल्लफ सोसत न्हाई, आन माज्या देवाला सांगणार व्हय!"

सगळा कोपरा हसला. चाचाही हसले. मी नाही हसले. मी साखर आणली, म्हटलं निदान एवढी तोंडात धरा. तुम्ही माझा हात थोपटलात. "सकाळी. उजाडल्या उजाडल्या."

पुढचं मी लिहिणार नाही. तुम्हाला ते माहीत नसेल आणि माहीत व्हायची गरजही नाही. एवढंच सांगते की तुम्ही हाकेला ओ देईनाशा झालात तेव्हा मी साखर तोंडात कोंबली, पण ती उतरायला तुमच्या घशात जीव नव्हता. आजाऱ्यांसाठी एक बोट होती. ती पाहुण्यांना घेऊन परत गेली होती. पलीकडे मिरज! गल्लोगल्ली इस्पितळं असलेलं, कर्नाटकातून माणसं बरी व्हायला येतात ते मिरज. त्याचे दिवे दिसत होते माळावरून. आमचे फोन लागत होते, माणसं उचलत होती, "बोट सकाळी" म्हणत होती. सकाळी बोट आलीही. तुम्ही नव्हतात.

आणि हे म्हणतात नैसर्गिक मृत्यू!

पाऊस नैसर्गिक होता. नदीला पाणी येणं नैसर्गिक होतं. पाणी सोडल्याचं उशिरा सांगणं, गरम भाकरी फाटकावरून परत पाठवणं, शिजलेलं अन्न उपाशी माणसांसमोर टेम्पोत अडवून ठेवणं, आजाऱ्यांची बोट पाहुण्यांना देणं, यात निसर्गाने काय केलं? काल मी हेच म्हटलं. माइक दिला नव्हता कोणी, पण माझा आवाज तुम्हाला माहीत आहे.

थोरले साहेब म्हणाले, "तुमच्या भावना समजू शकतो."

मी म्हटलं, "भावना राहू द्या. टेम्पो किती वाजता आला आणि किती वाजता उघडला, ते सांगा."

ते म्हणाले, एवढ्या मोठ्या आपत्तीत असं मिनिटामिनिटाचं सांगता येत नाही. आणि पाकिटांचा आकडा कसा सांगता आला हो?

आता थोडं तुमच्याशी भांडायचं आहे. चिडायचं नाही.

अजितला मी सगळं सांगितलं होतं, तुम्ही गेल्यावर बंद पडलेले फोन पुन्हा सुरू झाले त्याच दिवशी. तुमचा मुलगा पुण्यात अडकलेला, रस्ते बंद, आईचं तोंडही बघायला मिळालं नाही. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "पण काकू, एक दिवस जेवली असती तर?" त्या दिवसापासून तो तेच म्हणतो. दिवाळीला येतो, तुमच्या फोटोला हार घालतो, आणि पाठ वळवून म्हणतो, "हट्टी होती." तुम्ही त्याला जन्म दिलात, वाढवलंत, शिकवलंत, आणि त्याच्याकडे तुमच्यासाठी हा एवढाच शब्द उरला आहे.

मी त्याला झापते. पण खरं सांगू? रागाच्या भरात मलाही तसंच वाटतं. एक घास, आक्का! तुमचा धर्म एवढा काचेचा होता का, की एका घासाने फुटला असता? आपल्या माताजी प्रवचनात सांगायच्या ना, की आजाऱ्याला सूट असते? तुम्ही पुढे बसून मान डोलवायचात, आणि स्वतःवर आलं तेव्हा सूट घ्यायला तयार नाही! मला एकटीला स्वयंपाकघरात टाकून गेलात. पुरणाला चटका लागतोय का हे बघायला आता मागे कोणी नसतं. कोणाशी भांडायचं मी?

पण मग मी शांत होते आणि विचार करते. घर गेलं होतं. हळद गेली होती. अंथरूण दुसऱ्याचं, लुगडं दुसऱ्याने दिलेलं, पाणी टँकरचं. तुमचं म्हणावं असं तुमच्याजवळ काय उरलं होतं? तो एक नेम. आणि तो पाळायला सरकारला काहीही करावं लागणार नव्हतं. काहीही म्हणजे काहीही! वेगळा स्वयंपाक नको, वेगळी खोली नको. आलेला टेम्पो आल्या वेळी उघडायचा होता, एवढंच. तुमच्या साठ वर्षांच्या नेमाला ते हट्ट म्हणतात. पाहुण्यांशिवाय अन्न वाटायचं नाही, हा त्यांचा हट्ट नाही?

तर कालच्या बैठकीचं राहिलं. मी बोलत होते तेव्हा आपल्या गावची माणसं गप्प होती. खाली बघत होती. मला त्यांचाही राग आला. साहेब म्हणाले, "चला, पुढचा विषय." तेव्हा मागून मुलाणीचाचा उठले. काठी टेकत, सावकाश. आता ऐकू कमी येतं त्यांना, म्हणून मोठ्याने बोलतात.

"साहेब, त्या बाईनं जेवान न्हाई नाकारलं. तुमी दिलंच न्हाई. मी नमाजाला उठलो तवा टेम्पो उभा हुता, नमाज झाला तवा उभा हुता, पोरं रडून निजली तवा बी उभाच. अल्लाची शपथ घिऊन सांगतो."

मग माळावरची ती पातेलंवाली बाई उठली. मग लेकुरवाळी उठली, जिला दोनदा पाकीट घ्यायला लावलं होतं. ती म्हणाली, "माजा फोटू हाय त्यांच्याकडं. बघा की त्यात, मागं अंधार हाय का उजेड!"

आक्का, सगळा हॉल वळला. तो तरुण अधिकारी खाली बघत होता. त्याने कोणाला न विचारता पडद्यावरची ती ओळ काढून टाकली. दुसरं काही लिहिलं नाही. 'एक' असं लिहायची त्याची छाती झाली नाही. थोरले साहेब म्हणाले, चौकशी करू. करतील असं मला वाटत नाही. पण मी प्रत्येक बैठकीला जाणार आहे आणि तो 'एक' मागणार आहे.

संध्याकाळी अजितला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "काकू, चाचा खरंच तसं म्हणाले? 'तुम्ही दिलंच नाही' असं?" मी म्हटलं, हो. म्हणाला, "पुढच्या बैठकीला मला सांगा. सुट्टी काढतो." तुमच्या लेकाचा आवाज तुमच्यासारखाच घोगरा होतो रडायच्या आधी.

आता नीट ऐका, हा माझा शब्द आहे.

यंदा पुन्हा पाणी येईल. माझा भाऊ फोन करील, मग भोंगा वाजेल, आणि आम्ही त्याच माळावर जाऊ. काल तिथेच ठरवून आलो आहोत आम्ही बाया, आणि साहेबांना तोंडावर सांगून आलो आहोत : तांदूळ सरकारचा, डाळ सरकारची, गॅस सरकारचा, तो आमचा हक्क आहे आणि त्यातला दाणाही सोडणार नाही. पण चूल छावणीच्या अंगणात पेटेल आणि वाढपाची वेळ आम्ही ठरवू. साहेब म्हणाले, "तसा नियम नाही." मी म्हटलं, "मग करा."

करोत न करोत. पहिली पंगत म्हाताऱ्यांची आणि पोरांची बसेल, लख्ख उजेडात. गोळी घेतलेल्या प्रत्येक बाईपुढे ताट आलेलं मी स्वतः बघेन. पाहुण्यांचा ताफा पोचेल तेव्हा माणसं जेवून उठलेली असतील आणि पातेली घासून उपडी घातलेली असतील. त्यांना फोटो काढायचाच असेल, तर त्या उपड्या पातेल्यांचा काढावा.

तुमची धाकटी जाऊ,
विमल